न धुतलेली भुकटी
कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानवर मी बुलढाण्यात पीएच.डी. करत होते. गावी, जानेफळला, आई शेजारणींना सांगायची, पोरगी जखमेवर लावायची पट्टी बनवते. ते खोटं नव्हतं. कायटोसानच्या लांबलचक रेणूला काही रासायनिक गट जोडले की ते जंतू मारतं, आणि त्याची पातळ पट्टीही ओतता येते.

लॅबमध्ये माझ्या शेजारी एक सिनियर होता, देऊळगाव राजाचा. मी त्याला दादा म्हणायचे. ते गट जोडण्याची माझी रीत त्याने एका परिषदेत स्वतःच्या नावावर मांडली. बक्षीस घेतानाचा त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तेव्हा मला कळलं. मी गाईडकडे गेले. ते म्हणाले, एकाच लॅबचं काम, त्यात तुझं-माझं कशाला.

त्यानंतर मी दादाशी जास्तच गोड बोलू लागले.

रसायनं जोडून झाली की थोडं रसायन उरतंच, आणि ते विषारी असतं. म्हणून तो लगदा पातळ पडद्याच्या पिशवीत बांधून पाण्यात ठेवायचा, पाणी बदलत राहायचं, मग वाळवून भुकटी करायची. फरक दिसावा म्हणून मी थोडी भुकटी न धुताच ठेवली होती. जंतूंच्या बशीत तिच्याभोवतीचं, जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ भलतंच मोठं आलं. येणारच, विष होतं ते. दादा त्या बशीपाशी बराच वेळ रेंगाळला. दुपारी पाहिलं तर न धुतलेल्या भुकटीची बाटली निम्मी झालेली. ती धुतलेली नाही, एवढ्या एका वाक्यात त्याला सावध करता आलं असतं. मी ती बाटली फळीवर पुढे सरकवून ठेवली, पुन्हा लागली तर सापडावी म्हणून.

पुढचे कित्येक महिने तो त्याच भुकटीवर राबला. सेमिनारला बाहेरून आलेल्या तज्ज्ञांसमोर त्याने ती मोठमोठी वर्तुळं दाखवली. मी हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, जिवंत पेशींवर तपासलंय का? तज्ज्ञांनी मान डोलावली, आधी ते करा म्हणाले. नमुने तपासायला गेले. सगळ्या पेशी मेल्या. जखमेतल्या पेशीच मारणारी पट्टी कोण लावणार? त्याचं सगळं काम बाद झालं.

त्याने मला जिन्यात गाठलं. "तुला माहीत होतं. मला सांगायला काय झालतं?"

"इचारून नेली असती तर सांगितलं असतं," मी म्हणाले. "चोरून नेणाऱ्याले काऊन सांगू?"

तो जिना उतरून गेला. मला वाटलं होतं, आता तरी मन हलकं होईल, कदाचित थोडी दयाही येईल. दया आली नाही. त्या संध्याकाळी गावी जाताना मी स्टँडवर गरम भजी खाल्ली आणि आईसाठी बांधून घेतली.

त्याने पीएच.डी. सोडली. आता त्याच्या गावी मेव्हण्याच्या बियाण्यांच्या दुकानात बसतो. देऊळगाव राजाला जाणं झालं की मी बसमधून उतरून मुद्दाम त्या दुकानासमोरून चालत जाते. तो मान खाली घालेपर्यंत पाहत राहते.