आधी हात वर

पडून उठलेली माणसं जगात पायलीची पन्नास मिळतील, पण पडल्यावर उठायच्या आधी हात वर करणारा माणूस देवानं एकच घडवला आणि तो आमच्या आत्याला नवरा म्हणून दिला. आमचे आतोबा उभी हयात पॅराशूटवाल्या पलटणीत होते. विमानातून उडी मारायची, खाली येऊन आदळायचं, आणि आदळल्यावर पहिल्यांदा हात उंच करून हलवायचा, म्हणजे लांबून बघणाऱ्याला कळतं की गडी शाबूत आहे, गाडी पाठवायची गरज नाही. हात दिसला नाही तर हातातलं सगळं टाकून धावायचं. हा तिथला साधा नियम. पलटण सुटली, पेन्शन सुरू झालं, रहिमतपूरजवळच्या वाडीत येऊन आतोबा शेती बघू लागले, पण नियम काही सुटला नाही. उंबऱ्याला ठेच लागली की हात वर. बाजेचा सुंभ तुटून खाली बसले की हात वर. एसटीच्या शेवटच्या पायरीवरून ते कधी माणसासारखे उतरलेच नाहीत. दोन्ही पाय जोडून उडी मारायची, वाकायचं आणि हात वर. मागच्या बायका पिशव्या सावरत म्हणायच्या, "आवं बाबा, जरा दमानं." त्यावर ते त्या बायकांनाच शिकवायला लागत. "पडायचं शिकावं लागतं. पाय जोडून, गुडघं मऊ, मग कुशीवर. आन् आधी हात. हाडं मागनं मोजा."

या हाताला उत्तर लागायचं, ही त्यातली खरी गोम. आत्या जिथं असेल तिथून तिनं हात वर केला की मगच आतोबांचा हात खाली यायचा. भाकरी थापत असली तर पिठाचा हात, झाडत असली तर केरसुणी, ताक करत असली तर रवी. ती तोंडानं एक शब्द बोलायची नाही, वर बघायचीही नाही कधी कधी, पण हात जायचा. शेजारपाजारच्या सुनांना नव्या असताना वाटायचं की म्हातारी कुणाला मारायला निघालीय. "मला मेलीला दुसरं काय काम हाय?" असं आत्या म्हणायची, पण आतोबा परड्यात नुसते खाकरले तरी तिचा एक कान तिकडं असायचा.

एकदा औंधला यमाईचं दर्शन घेऊन दोघं स्कूटरवरून परत येत होती. वळणावर एक म्हैस आडवी आली आणि स्कूटरसकट दोघंही रस्त्याकडेच्या चरीत गेली. चरीतून आधी एक हात वर आला. मग थोड्या अंतरावरून दुसरा, बांगड्यांचा, प्रसादाच्या नारळासकट. मागून एसटी येत होती. ड्रायव्हरला वाटलं, माणसं गाडीला हात करताहेत. गाडी थांबली, कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, "आवं, येताय का न्हाई?" चरीतून आतोबांचा शांत आवाज आला, "न्हाई. आमी बरं हाय. तुमी जावा." गाडी गेलीसुद्धा. मग दोघांना आठवलं की स्कूटर उचलायला चार माणसं लागणार होती.

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. तासगावात लग्न होतं. पहिली मंगलाष्टका निम्म्यात होती, आतोबा स्टेजच्या कडेला उभे होते, आणि त्यांच्या पायाखालची फळी निसटली. ते खाली गेले ते रीतसर गेले, पाय जोडून. कडेच्या झालरीतून हात वर आला. समोर बायकांत उभ्या असलेल्या आत्यानं अक्षतांची मूठ वर करून उत्तर दिलं आणि ती सवयीनं हलवली. शेजारणींनी तिच्या अक्षता उडालेल्या बघितल्या, त्यांना वाटलं झालं, त्यांनी टाकल्या, आणि मग अख्ख्या मांडवानं टाकल्या. भटजी उघड्या तोंडानं थांबले. मध्ये अंतरपाट होता, त्यामुळे मी नवऱ्याच्या आधी तांदूळच बघितले. पुढच्या मंगलाष्टकांना लोकांनी सतरंजीवरच्या अक्षता वेचून टाकल्या. माझ्या सासूबाई यावर बरेच महिने बोलत होत्या. पण पुढं एका उन्हाळ्यात आमच्या बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं बुचकळायच्या हौदाशी त्याच घसरून पडल्या, तेव्हा आतोबा नेमके पाहुणे आलेले. सगळे धावले, पण हे जागचे हलले नाहीत. लांबूनच म्हणाले, "विहीणबाई, हात?" सासूबाई रागानं लाल झाल्या, पण त्यांनी हात वर केला. तेव्हापासून आमच्या शेडवर कुणी घसरलं की बाकीच्या बायका आधी हाताचं विचारतात.

हे सगळं कशातून आलं ते आत्यानं मला एकदा मटकी निवडताना सांगितलं होतं. नवं लग्न, तिकडं उत्तरेत पलटणीच्या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड. एके दिवशी बायकापोरांना उड्या बघायला नेलं. दोरी बांधलेली, दोरीच्या आत जायचं नाही अशी सक्त ताकीद. वारा सुटला होता. एकेक जण खाली येत होता आणि एकेक हात वर होत होता. आतोबांना वाऱ्यानं लांब फरफटत नेलं आणि त्यांचा हात काही वर आला नाही. "म्या दोरीखालनं गेले की," आत्या सांगत होती. "मागनं सायेब वरडतोय, शिट्टी मारतोय. चप्पल एक तिथंच ऱ्हायली. गाडीच्या आदी म्या पोचले. बघते तर ह्ये आपलं उताणं पडल्यात. म्या इचारलं, हात मोडला व्हय? म्हणलं, न्हाई. मंग वर का न्हाई केला? तर म्हणत्यात कसं, तू येताना दिसलीस, मग ऱ्हाऊ दिला." एवढं सांगून तिनं मटकीतला खडा काढून टाकला. पुन्हा असं केलं तर थेट माहेर गाठीन, असं तिनं तिथंच बजावलं होतं. त्यानंतर आतोबांचा हात कधी चुकला नाही, आणि तिचं उत्तरही.

आत्या गेली. ताप काय आला, दवाखान्यात काय नेली, आणि परत आलीच नाही. आतोबांनी रडून घेतलं, दिवस केले, पुन्हा शेतात जाऊ लागले. पण उंबऱ्याला ठेच लागली की हात वर जायचाच आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत तसाच राहायचा. आतेभाऊ, वहिनी, शेजारी, सगळ्यांनी उत्तर देऊन बघितलं. "व्हय, व्हय, दिसलं," असं म्हणून ते हात खाली घ्यायचे, पण कुणी आपलं म्हणणं अर्धंच ऐकल्यावर माणूस गप्प होतो तसे गप्प व्हायचे. मला ते बघवायचं नाही. मलाही त्या दारात ती हवी असायची.

मग कळलं की कराडकडच्या माळावर हौशी लोकांना विमानातून उडी मारायला लावणारी मंडळी येणार आहेत. शिकवणारा पाठीला बांधलेला असतो, आपण फक्त सोबत यायचं. आतोबांनी हट्ट धरला. आतेभाऊ चिडला, "आबा, ह्या वयात हाडं मोडून घ्यायची हौस आलीय व्हय?" तेव्हा आतोबा एसटीनं तासगावला माझ्याकडं आले. पायरीवरून उडी मारली, हात वर केला आणि म्हणाले, "पोरी, तू ने मला. तू तिथं उभी ऱ्हा, मग बास." मला वाटलं, माणसाला आभाळाची ओढ लागली असेल. डॉक्टरांना विचारलं, ते कुरकुरत हो म्हणाले, आणि मी नेलं.

शिकवणाऱ्यानं बजावलं होतं, "बाबा, उतरताना पाय वर उचलून धरा. बाकी मी बघतो." आतोबांनी मान डोलावली. विमान गेलं, वर ठिपका दिसला, छत्री उघडली, आणि वाऱ्यानं ती माळ सोडून शेजारच्या नांगरलेल्या रानावर आणली. जमीन जवळ आली आणि पलटणीतली सवय जागी झाली. पाय वर उचलायचे सोडून आतोबांनी ते जोडून खाली रोवले, गुडघे मऊ केले आणि कुशीवर गेले. पाठीवरचा माणूसही बिचारा त्यांच्यासोबत कुशीवर गेला. दोघं ढेकळांतून गडगडत लांब गेले. मग शिकवणारा पट्टे सोडवून उठला, त्यानं माती झटकली आणि आमच्याकडं हात केला.

आतोबांचा हात वर आला नाही.

मी थोडा वेळ बघितलं. मग पळत सुटले. मागं कुणीतरी ओरडलं, जीप चालू झाल्याचा आवाज आला, ढेकळांत पाय मुरगळत होता, आणि मी मनात आत्यालाच हाका मारत होते. पोचले तेव्हा शिकवणारा ओशाळून उभा होता. "ताई, बाबांना काही झालं नाही. मला म्हणाले, गप उभा ऱ्हा जरा."

आतोबा उताणे पडले होते. डोळे उघडे, मान मी आले त्या बाजूला वळवलेली. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तू व्हय," ते म्हणाले.

"हात मोडलाय का?"

"न्हाई."

"मग वर का नाही केला?" हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि मग कळलं की ते कुणाचे आहेत.

"केला की कुणी येत न्हाई, पोरी," आतोबा म्हणाले. "आक्ख्या जन्मात एकदाच न्हवता केला. तवा ती आलती. म्हटलं, बघावं."

मी ढेकळावर बसून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग त्यांची नजर माझ्या पायाकडं गेली. "एक चप्पल कुठं हाय?"

"राहिली मागं कुठंतरी."

"तिची बी ऱ्हायली हुती." माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले, अंगावरची माती झटकली आणि बांधाकडं तोंड करून हात वर केला. जीप तिथूनच परत वळली. हात मात्र लगेच खाली आला नाही. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो, आणि मीही बांधाकडं बघत होते.

आता रोज दिवेलागणीला त्यांचा फोन येतो. जेवण, पाऊसपाणी, द्राक्षांचा भाव, काही नाही. "हात वर हाय," एवढंच म्हणतात. मी म्हणते, "दिसला." तेवढ्यानं त्यांचं भागत नाही, आणि माझंही. ते लगेच फोन ठेवत नाहीत. त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजतात, वहिनी काहीतरी बोलते. मीही फोन कानाला धरून तशीच बसून राहते.