पाठवणीची कॅसेट

वडलांचा हसनाबादचा बँड वरातीत चालायचा, पण नाव होतं ते पाठवणीचं. नवरी गाडीकडे निघाली की आम्ही सगळे थांबायचो आणि वडील एकटे क्लॅरनेट वाजवायचे. सुरुवात इतकी हळू, की मांडवातली माणसं आपोआप गप्प होत. मग सूर चढे आणि बायकांना रडू फुटे. मी मागे गळ्यात ड्रम अडकवून उभा असे. त्या वेळी माझं काम गप्प राहण्याचं.

दोन हजार सालाच्या आसपास भोकरदनला एका दुकानदाराने कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू केलं. लगीनसराईच्या आधी आम्ही त्याच्याकडे वरातीची गाणी आणि पाठवणी भरून घेतली. बाजाराच्या दिवशी बँडवाले जीपवर भोंगा लावून आपापली कॅसेट वाजवत; ज्याचा आवाज मोठा, त्याच्याभोवती गर्दी. दुकानदाराने पडद्यावरच्या रेघा दाखवल्या. "हे बारीक दिसतंय का? इथं आवाज कमी पडून राह्यला. समदं बराबर वर घेतो." आधीचं आणि वर घेतलेलं, दोन्ही त्याने ऐकवलं. आवाजाचं बटण दोन्ही वेळा त्याच जागी. नवं मोठं वाजलं, म्हणून आम्हाला चांगलं वाटलं. वडलांनाही. कानाला फसवणं इतकं सोपं असतं.

बाजारात आमचा भोंगा सगळ्यांना भारी पडला.

दुकानदाराने दोन्ही कॅसेटी दिल्या होत्या. घरी मी नवीचा आवाज बटणाने उतरवून जुनीच्या आवाजाएवढा केला, तेव्हा खरी गंमत कळली. हळू सुरुवात उरलीच नव्हती. पहिला सूर आणि शेवटचा एकाच मापाचे, मधला श्वाससुद्धा दणदणीत. वडलांना ऐकवलं. ते म्हणाले, "बाजारात कोन बटन उतरवून ऐकतंय?"

पुढच्याच आठवड्यात धावड्याचे एक शेतकरी लेकीच्या लग्नाची सुपारी घेऊन आले. चहा झाल्यावर म्हणाले, "मास्तर, राग मानू नका. वरात तुमची. पाठवणीला सनईवाला सांगून आल्तो. बाजारात तुमची कॅसेट ऐकली, लई दणक्यात हाय. पर लेक जाताना असं वाजलं तर रडू न्हाई येनार."

क्लॅरनेट समोर खुंटीला होतं. पण एकाला सुपारी गेली की दुसऱ्याने ती ओढायची नाही, हा आमच्या धंद्यातला रिवाज. वडील "बरं" म्हणाले.

लग्नात पाठवणीच्या वेळी ते मांडवाच्या कडेला उभे राहिले. सनईवाला परगावचा होता आणि खरोखर चांगला वाजवत होता. नवरीचे वडील ढसाढसा रडले. मला दुकानदाराचा राग आला, भोंग्याचा आला, त्या बिचाऱ्या सनईवाल्याचाही आला. वडील मात्र त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "लई चांगलं वाजिवलं."

तो खूश झाला. त्याने विचारलं, "तुमी काय वाजिवता, मास्तर?"

वडील म्हणाले, "वरात."