डेअरीची डायरी

दुष्काळाच्या वर्षी मी धारूरजवळच्या एका सहकारी दूध संस्थेत कारकून होतो. जनावरांना चारा हवा होता, म्हणून मी बीडच्या जिल्हा कार्यालयाला मराठीत अर्ज लिहिला. चेअरमननं तो फाडला.

"इंग्रजीबिगर साहेब वाचत न्हाईत," म्हणत त्यानं ‘आमच्या डेअरीसाठी सामान पाठवा’ असा अर्ज इंग्रजीत लिहिला. त्यात डेअरीची डायरी झालेली. मी स्पेलिंग दाखवलं, तर म्हणाला, "दोन अक्षरं इकडची तिकडं झाली तर काय बिघडतंय बे? तू मला शिकवतो का?"

पंधरा दिवसांनी कार्यालयातून डायऱ्यांचा गठ्ठा आला. चूक कबूल करेल तर तो चेअरमन कसला! त्यानं मंडप घातला, हार घालून घेतला आणि सभासदांना एकेक डायरी वाटली.

"साहेब, ही म्हशीला चारू का?" एका म्हातारीनं विचारलं. तिलाच अक्कल नसल्यासारखा तो हसला.

त्या गाढवासाठी मीही टाळ्या वाजवल्या, याची मला जास्त किळस आली. दुसऱ्याच दिवशी मराठी अर्जावर सभासदांचे अंगठे घेऊन मी बीड गाठलं. चारा आला, तेव्हा फोटोसाठी ट्रकपुढं तोच उभा होता.