गडग्यातली मोरी

पाणीतात्यांबद्दल लिहा, असं मुलगी कितीदा म्हणाली. दर वेळी मी डोळ्यांचं कारण पुढे केलं. खरं कारण माझ्या बागेच्या गडग्यातली, म्हणजे दगडी कुंपणातली, एक मोरी होती.

तात्या हापूसची कलमं बांधून विकायचे, पण मागेल त्याला देत नसत. आधी जागेवर येत, खड्ड्यात कळशीभर पाणी ओतत आणि काठावर बसून पान लावत. पान चघळून होईपर्यंत पाणी जिरलं, तरच कलम. नाही तर, "हय आंबो नको, बदकां पाळा," म्हणून उठत.

माझी जागा उताराची, कातळाची. सुरुंग लावून पाडलेल्या प्रत्येक खड्ड्याला त्यांनी चर काढायला लावला आणि सगळं पाणी बाहेर जायला गडग्याच्या तळाशी मोरी ठेवली. "मास्तरांनू, मुळां पण दम घेतत. ही कधी बुजवू नकात."

कलमं धरली, आंबेही येऊ लागले. एका वैशाखात त्या मोरीतून रानडुक्कर शिरलं. मी ती सिमेंटने बुजवली. पावसाआधी फोडायची होती. विसरलो, आणि पावसाळाभर सावंतवाडीला मुलीकडे राहिलो.

दिवाळीत परतलो तर खालच्या अंगाची अकरा झाडं पिवळी पडून शेंड्याकडून वाळत होती. तात्यांना बोलावलं. शेजारचे चार जणही आले. तात्यांनी बुंध्याशी उकरून एक मूळ धरलं. साल सुटून त्यांच्या बोटांत आली. त्यांनी ती हुंगली.

"मास्तरांनू, पाणी खंय साचला?"

त्याच क्षणी मला मोरी आठवली. साचल्या पाण्यात मुळं गुदमरतात, मातीतली बुरशी त्यांत शिरते आणि पाण्याबरोबर पुढच्या झाडाकडे जाते, हे मी वर्गात शिकवलेलं. तरी तोंडातून निघालं, "पाणी कसलं? रोग तुमच्या कलमांतूनच आलाय."

तात्या गडग्यापाशी गेले. रान बाजूला करून सिमेंटवरून हात फिरवला. मी मागोमाग गेलो. इतरांना ऐकू जाणार नाही असं ते म्हणाले, "माझ्या झिलाक तुमी शिकवलात. चार लोकांत मी काय बोलू? तुमीच सांगा, केदवा तरी." आणि निघून गेले.

"मास्तर सांगतत म्हणजे खराच," मागून कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या सकाळी मी मोरी फोडली. वरची झाडं वाचली. तात्यांकडे मात्र पुढच्या पावसात कोणी फिरकलं नाही. त्यांच्या अंगणातल्या कलमांची मुळं पिशव्या फोडून जमिनीत गेली.

ते अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा गेलो. त्यांचा मुलगा, माझा विद्यार्थी, "बसा सर," म्हणत खुर्ची पुसू लागला.

"मोरी उघडी आसा मां?" तात्यांनी विचारलं.

"आसा."

"बरा झाला."

मुलगा तिथेच उभा होता. मी चहा प्यायलो आणि उठलो. आठवड्याने तात्या गेले.

तात्यांनू, कलमां तुमची बरी होती. मोरी मिया बुजवलय. माका माफ करा.