भागीरथाबाईंच्या दारातला रस्ता

बुधवार म्हणजे बकारामजींचा डायलिसिसचा दिवस. भागीरथाबाईंनी सकाळीच भात उतरवला, नवऱ्याच्या अंगात धुतलेला सदरा चढवला आणि अर्धा कपच चहा त्यांच्या हातात दिला. डॉक्टरांनी पाणी-चहा मोजून द्यायला सांगितला होता; मोठा कप अर्धा दिसला की ते रुसायचे, म्हणून त्यांनी लहान कपच काढून ठेवले होते. आता गोंदियाहून भाड्याची गाडी यायची होती; ती गेल्या आठवड्यात उशिरा पोचली होती आणि दवाखान्यातला नंबर गेला होता. त्या रात्री बकारामजींना दम लागला, तेव्हा बाई उशाशी बसून होत्या.

तेवढ्यात दार वाजलं. बाई पदर खोचत धावल्या. दारात पाठीला बॅग लावलेली एक मुलगी उभी.

"गाडीवाल्यानं तुले पाठवलं का व?"

"नाही आजी. मी दिव्या. कॉलेजात आहे. नकाशाचं काम करते, हा रस्ता पाहायला आले."

आतून बकारामजी म्हणाले, "पाहू दे तिले. आमी तं वीस सालं झाले, पाहूनच राहिलो."

ते खरंच होतं. महामार्गाकडेचं आमचं हे गाव. नव्याण्णव साली बसस्टँड गावाच्या या टोकाला आलं, तेव्हा बस दारात आली म्हणून बाईंनी सगळ्या आळीत पेढे वाटले होते. मग एका बाजूला स्टँडची भिंत उठली, मागे राइस मिलची. दार उघडायला उरला तो बसेस आत शिरायचा रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी पाटी लागली, 'फक्त बससाठी'. तरी कोणी अडवत नव्हतं. स्टँडचा कंट्रोलर हात हलवायचा, गाडी दारापर्यंत यायची. हे अगदी परवापरवापर्यंत, दोन हजार अठरा उजाडेपर्यंत चाललं; मग नकाशात रस्ता बंद झाला आणि गाड्या दारात यायच्या थांबल्या.

दिव्यानं फोन उघडून दाखवला. हा नकाशा लोकांनीच मिळून भरायचा. कुठला रस्ता महामार्ग, कुठली पायवाट, हेही लोकांनीच ठरवायचं. हा रस्ता तिनं साधा म्हणून काढला होता. दूरच्या शहरातल्या कुणा माणसानं पाटीचा फोटो पाहून तो बदलला, 'फक्त बस' केला. वर लिहिलं, चूक वाटत असेल तर जागेवर जाऊन पुरावा द्या.

"आणि पाटी तर आहेच," दिव्या हळूच म्हणाली. "नकाशात जे जागेवर दिसतं तेच लिहायचं असतं, आजी."

"मंग मी काय दिसून नाही राहिली तुले?"

बाईंचा फोन वाजला. गाडीवाला. "माताजी, पहुँच गया. बाहर आओ."

"किधर पहुँचा?"

"मिल के पीछे. दीवार है सामने."

"अरे बापा, दिवार के इधर घर है! बसस्टँड से आ."

"उधर तो मैप में बंद बता रहा. पिछली बार एक को फाइन लगा. आप ही आ जाओ."

बकारामजी म्हणाले, "मलेच फेका म्हना दिवारीवरून. तिकडं झेलन तो."

दिव्याचा चेहरा उतरला. ती तशीच कंट्रोलर टेकचंदकडे गेली, मागोमाग बाई. टेकचंदनं खिडकीतून मान बाहेर काढली. "बाई, तुमच्यासाठी मी नाही म्हटलं का कधी? पण आता नकाशातच बंद आहे. हे पाहा. वरून कोणी विचारलं तर मी काय दाखवू?"

"पण साहेब, नकाशात बंद आहे तो तुमच्या पाटीमुळे," दिव्या म्हणाली.

"आणि मी बंद ठेवला तो नकाशामुळे," टेकचंद म्हणाला, आणि स्वतःच ओशाळून हसला. खिडकी मात्र त्यानं लावून घेतली.

शेवटी नेहमीचंच. दोन हमालांनी बकारामजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. समोरून तिरोड्याची बस आत शिरत होती; खुर्ची भिंतीला चिकटली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, मग ओळखून हात वर केला.

"काय आजा, रिझर्वेशन हाय का?"

"हाय ना बे! खिडकीजवडची देजो," आजा म्हणाले. पण मान छातीवर कलली होती आणि ओठ पांढरे पडले होते. खुर्ची स्टँड ओलांडून, मिलला वळसा घालून जायची होती. ऊन चढत होतं.

दिव्या बाईंच्या बाजूनं चालत होती. "आजी, मी त्यांना काय लिहू? पाटी खोटी आहे असं तर लिहिता येणार नाही."

भागीरथाबाई थांबल्या. पिशवीतले रिपोर्ट नीट केले.

"खोटं कायले लिवतं पोरी? पाटी हाय तं राहू दे. बसगाड्या जातेत तं जाऊ दे. नकाशात एवढंच टाक, का या घरी येनाऱ्या गाडीले दारापर्यंत येता येते."