हात खाली ठेवा, काकू

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासण्यात तिची सव्वीस वर्षं गेली. काच फ्रेममध्ये केसभर सैल बसली तरी तिच्या बोटांना कळायचं. पण पोटच्या पोरीच्या घरात काय चाललंय, हे मात्र तिला चार वर्षं कळलं नाही. हे ती स्वतःच सांगते, कुणी न विचारता.

लेक आली ती एका मंगळवारी दुपारी, एक बॅग आणि एक कुत्रा घेऊन. "काही दिवस राहीन," एवढंच म्हणाली. पुढे तोंडातून ब्र नाही. संसारात भांड्याला भांडं लागायचंच, असं म्हणून आईनेही खोदून विचारलं नाही. उलट जावयाला फोन करून सांगितलं, "काळजी करू नका, माझ्याकडेच आहे." तो फारच गोड बोलला. "राहू दे की आई, तिचं माहेरच आहे."

कुत्रा तपकिरी, हडकुळा. नाक असं काळं आणि गोल की लेकीने त्याचं नाव बटण्या ठेवलं होतं. दिवसभर तो पलंगाखाली बसायचा. जिन्यात पावलं वाजली की भुंकायचा नाही, आणखी आत सरकायचा. शेवटी आई त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी कान-दात बघितले आणि म्हणाले, "आजार काही नाही. याला काम द्या. रविवारी सकाळी बंद छापखान्यामागच्या मैदानात अडथळ्यांच्या शर्यतीचा वर्ग असतो, तिथे न्या."

"शर्यत? अहो, माझे गुडघे बघा!"

"पळायचं त्याने आहे. तुम्ही नुसतं दाखवायचं."

पहिल्या रविवारी मैदानात सात कुत्री होती. जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवे दांडे, कापडी बोगदा, एका रांगेत रोवलेले बारा खांब, मुलांच्या बागेत असते तशी वर-खाली होणारी फळी. शिकवणाऱ्या बाई पूर्वी शाळेत कवायत घ्यायच्या. आवाज अजून तोच. सगळे त्यांना सरबाई म्हणत. एक जाडजूड कुत्रा बोगद्यात शिरला आणि आतच झोपला. मालकाने बिस्किटाचा पुडा वाजवला तेव्हा कुठे बाहेर आला. आई कितीतरी दिवसांनी मोकळी हसली.

मग तिची पाळी आली. सरबाई म्हणाल्या, "जिकडे पाठवायचंय तिकडे हात करा. हात उचला आणि म्हणा, चल."

तिने हात उचलला.

बटण्या जमिनीवर सपाट झाला. नुसता बसला नाही. पोट, हनुवटी, कान, सगळं मातीला चिकटवून पडला, डोळे मिटले, आणि त्याच्या अंगाखाली ओल पसरली.

सरबाई जवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "हात खाली ठेवा, काकू. घरात कुणी हात उगारतं का याच्यावर?"

"आमच्या घरात? छे हो, कुणीच..." ती म्हणाली आणि थांबली. मनात पाल चुकचुकली. कुत्रा तिच्या घरात येऊन तीनच आठवडे झाले होते.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने लेकीला विचारलं. लेक भाजी चिरत होती. "पडला असेल कुठे लहानपणी," असं म्हणाली आणि चिरलेलीच भाजी पुन्हा चिरत राहिली.

पुढचे रविवार सरबाईंनी त्या दोघांसाठी वेगळी रीत काढली. हात कमरेच्या खाली, तळवा उघडा, आणि बोलणं हळू. पहिल्या दिवशी बटण्या फक्त एक दांडा ओलांडून गेला, तोही दांडा जमिनीवर ठेवल्यावर. मग दोन. चौथ्या रविवारी तो बोगद्यात शिरला आणि पलीकडून अशा काही तोऱ्यात बाहेर आला, जणू बोगदा त्यानेच खणला होता. आईने त्याला उचलून छातीशी धरलं, आणि तेव्हाच कुंपणापलीकडे उभी असलेली पांढरी गाडी तिला दिसली.

जावई काच खाली करून बघत होता. त्याने मान लववून नमस्कार केला. तिने बटण्याला आणखी घट्ट धरलं. का, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं.

पाचव्या रविवारीही गाडी होती. सहाव्या रविवारीही. तो उतरत नसे, बोलत नसे. वर्ग संपला की गाडी तिच्या मागून चालायच्या वेगाने कोपऱ्यापर्यंत येई आणि वळून जाई. लेकीला सांगावं की नाही, यात तिने ते दिवस घालवले. लेक आता कुठे पोटभर जेवायला लागली होती.

सातव्या रविवारी तो फाटक उघडून आत आला. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा.

"आई, कुत्रा माझा आहे. लसीच्या कार्डावर नाव माझं आहे. म्हटलं, घेऊन जावं. म्हणजे त्याच्या मागोमाग तीही येईल."

"तिला विचारून मग बघू," आई म्हणाली.

"तिला काय विचारायचं?" तो हसला. आणि कुत्र्याला बोलावण्यासाठी त्याने हात वर केला.

बटण्या खांबांच्या मधोमध होता. तो तिथेच सपाट झाला. पहिल्या दिवशीसारखाच, डोळे मिटून.

या वेळी सगळ्यांनी पाहिलं, तो कुणाच्या हाताला घाबरतो ते. आई चालत गेली आणि कुत्रा आणि जावई यांच्या मध्ये उभी राहिली. मग जाड्या कुत्र्याचे मालक आपल्या कुत्र्यासकट तिच्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि एकेक करून बाकीचेही. सरबाई म्हणाल्या, "वर्ग चालू असताना बाहेरच्या माणसाने मैदानात यायचं नाही. निघा."

जावयाचं हसू हललंसुद्धा नाही. "जातो. तिला सांगा आई, मला घाई नाहीये."

घरी पोहोचल्यावर तिने पायातल्या चपलाही काढल्या नाहीत. लेकीसमोर बसली आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. गाडीचं, हाताचं, आणि आपण स्वतः केलेल्या त्या पहिल्या फोनचंही. "मीच त्याला पत्ता दिला गं," म्हणाली.

लेकीने बटण्याला ओढून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "तो आधी बटण्याला मारायचा. मला बघायला लावायचा. नंतर नंतर बटण्या मध्ये यायचा."

दुसऱ्या दिवशी आईने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा न कळवता दुकानाला दांडी मारली. दोघी पोलीस चौकीत गेल्या, तिथून वकीलबाईंकडे. मैदानातल्या पाच जणांनी पाहिलेलं लिहून सह्या दिल्या. जावयाने मायलेकींच्या जवळपास फिरकू नये, असा हुकूम निघायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत दाराचं कुलूप दोनदा बदललं, आणि एका सकाळी दुकानाच्या पायरीवर कुत्र्याचा एक नवाकोरा पट्टा ठेवलेला सापडला. चिठ्ठी नाही, काही नाही. तिने तो फडक्यात गुंडाळून चौकीत नेऊन दिला.

हुकूम निघाल्यावर लेकीने दूरच्या गावात नोकरी धरली. बटण्या तिच्याबरोबर गेला. तिथेही असा वर्ग आहे, आणि तो आता पूर्ण फेरी मारतो, असं लेक म्हणते. तिचा पत्ता आईने कागदावर लिहिलेला नाही, फोनमध्येही नाही. पाठ केलाय.

ती अजून रविवारी मैदानात जाते. दांडे लावते, खांब सरळ करते, बोगद्यातली माती झटकते. सरबाई म्हणतात, काकू, आता तुम्हीही एक कुत्रा पाळा. ती म्हणते, बघू. परवा एक नवीन जोडपं कुत्र्याला घेऊन आलं. कुत्रा देखणा, उत्साही, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. ती मात्र बाजूला उभी राहून त्या बायकोकडे बघत होती.