दाजींचा कलश आणि दोन यंत्रं

अख्ख्या जालना जिल्ह्यात काळजी करण्याचं कंत्राट निघालं, तर ते माझ्या साडूंशिवाय कुणाला मिळायचं नाही. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. वाटूर फाट्यावर एसटी वेळेवर आली, तर "आज जल्दी आली, ब्रेक बराबर हाय ना?" असं ड्रायव्हरला विचारून मगच हे पायरीवर पाय ठेवणार. उभा जन्म एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात गेला. गावी घर बांधलं तेव्हा भूकंपाच्या धास्तीनं त्यांनी मिस्त्रीनं सांगितल्याच्या दुप्पट लोखंड घातलं. "पाव्हणं, हे घर बांधून राह्यले का पूल?" असं मिस्त्रीनं मला बाजूला घेऊन विचारलं होतं.

गेल्या हिवाळ्यात माझी मेहुणी म्हणजे दाजींची बायको, आमच्या ताई, न्हाणीत घसरल्या. ताईंचं मांडीचं हाड मोडलं. साखर वाढलेली, त्यामुळे ती उतरेपर्यंत ऑपरेशन थांबलं. मी जालन्याच्या दवाखान्यात डबा घेऊन गेलो, तर उशाशी माझी बायको. दाजींचा पत्ता नाही. ते सापडले वाटूरला, अंगणात, हातात धातू शोधायचं यंत्र घेऊन. पायाभरणीला ईशान्य कोपऱ्यात तांब्याचा कलश पुरतात. तो आपल्या घराखाली आहे, की गवंड्यांच्या गडबडीत राहूनच गेला, ही शंका ताई पडल्या त्याच क्षणी त्यांच्या मनात शिरली होती. कलश नसेल तर घराला राखण नाही, आणि राखण नसेल तर ऑपरेशन... त्यापुढचं ते बोलत नव्हते. एरवी मी त्यांची टर उडवतो, पण त्या दिवशी मी बाह्या सरसावून त्यांच्या मदतीला लागलो.

यंत्रं दोन आणली होती, भाड्यानं. छोटं आकडा दाखवून धातू ओळखायचं. मोठ्या चकतीचं खोलवरचं हुडकायचं. गुप्तधनाचा संशय नको म्हणून दाजी आधी सरपंचांना सांगून आले आणि दोन्ही यंत्रांची परीक्षा भर दुपारी उघड्यावर मांडली. त्यामुळे ज्यांना संशय नव्हता तेही बघायला आले. अंगणाच्या मातीत एका खड्ड्यात तांब्या पुरला, दुसऱ्यात पहारीचा तुकडा. वीतभर खोलीवर छोटं तांबं-लोखंड अचूक सांगायचं, हातभर खाली मात्र मुकं. मोठं हातभर खालीही दोन्हींवर सारखंच ओरडायचं. "जे वळखतं ते खोल जात न्हाई, अन् जे खोल जातं त्याला वळख न्हाई," दाजी म्हणाले. मग ईशान्य कोपऱ्यात मोठं चालू केलं, तर ते असं किंचाळलं की शेजारची म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. दुसऱ्या कोपऱ्यात तेच, ओसरीत तेच, देवघरातही तेच. भूकंपाच्या काळजीनं घातलेलं लोखंड कलशाच्या काळजीला आडवं आलं होतं.

"अहो दाजी, पायाभरणीच्या पूजेला ताईच बसल्या होत्या ना? त्यांनाच विचारा की."

ते चकती पुसू लागले. "इचारलं, अन् ती न्हाई म्हणली तर? मंग तिला आपरेशनला आत कसं जाऊ देऊ मी?"

ऑपरेशन नीट पार पडलं. मांडीत सळई घालून ताई घरी आल्या. माझ्या खांद्याचा आधार घेत अंगणातून येताना त्यांना ओट्याला टेकवलेली यंत्रं दिसली, आणि मला सगळं सांगावं लागलं. "कलश म्याच ठेवला, माझ्या हातानं," ताई दाजींना म्हणाल्या. "तुम्ही तवा सळया मोजून राह्यल्ते."

दाजींनी मान डोलावली, पण कपाळावरची आठी हलली नाही. "अन् ही सळई? बराबर बसली आसंल ना?" त्यांनी छोटं यंत्र उचललं आणि ताईंच्या मांडीजवळ धरलं. ते लगेच वाजलं, बारीक, स्वच्छ. "हाय," दाजी म्हणाले, आणि तोंड फिरवून उपरण्यानं डोळे पुसले.

मोठं यंत्र परत गेलं. छोटं त्यांनी विकत घेतलं. ताई दुपारी डुलकी घेतात तेव्हा दाजी आवाज कमी करून ते एकदा मांडीवरून फिरवतात, आणि ते वाजलं की मगच जेवायला बसतात.